थंडीत खोलीतल्या ऑर्किडची पानं लुळी पडतात, कळ्या गळतात: काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

पुणे, नाशिक, नागपूर अशा थंडी पडणाऱ्या शहरांत, फ्लॅटमधल्या एरवी बंद असणाऱ्या खोलीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठेवलेल्या ऑर्किडसाठी हे लिहिलं आहे. ऑर्किड म्हणजे इथे मुख्यतः फॅलेनॉप्सिस. रुंद जाडसर पानांचं, लांब दांड्यावर फुलपाखरासारखी फुलं येणारं, नर्सरीत सगळीकडे दिसतं ते. डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडचं काही वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. मुंबई, कोकण, गोव्यात रात्रीचा पारा झाडाला जाच होईल इतका सहसा उतरत नाही. तिथल्यांनी गारठ्याचा भाग सोडून द्यावा, पण पाणी आणि उजेड तिथेही तपासावा.

दर हिवाळ्यात येणाऱ्या तक्रारींच्या मुळाशी बहुतेकदा एकच गोष्ट असते. उन्हाळ्यात लागलेली पाण्याची सवय थंडीतही चालू राहते. खोली गार, उजेड कमी, म्हणून झाड पाणी कमी पितं. कुंडीचा गाभा ओलाच राहतो, मुळं कुजतात, आणि पाणी ओढायला मुळंच उरली नाहीत की पानं सुकायला लागतात. पान सुकलेलं दिसलं की हात आपोआप मगाकडे जातो, आणि झाड जातं ते तिथे. म्हणून पान लुळं दिसलं तर मुळं पाहिल्याशिवाय पाण्याचा थेंबही घालू नका.

आधी लक्षणं ओळखा

- खालची पानं लुळी, चामड्यासारखी, लांबीच्या दिशेने सुरकुतलेली. पाणी देऊनही ताठ होत नाहीत. बिघाड मुळांत आहे. तपासणी २, मग ८.
- कळ्या उमलायच्या आधीच पिवळट होऊन गळतात. दोन-तीन दिवसांत सगळ्याच गेल्या तर बहुधा धूर, पिकणारी फळं, गार झोत किंवा जागाबदल. टोकाकडून एकेक जात असेल तर बहुधा उजेड अपुरा किंवा मुळं कमजोर. तपासणी ३ आणि ४.
- फुलदांडा निघाला, पण बोटभर होऊन तिथेच थांबला. तपासणी ४ आणि ५.
- पानाच्या वरच्या बाजूला खोलगट, आधी पिवळे आणि मग काळे होणारे ठिपके, पण पसरत नाहीत. गारठ्याची इजा. तपासणी ५.
- पानाची खालची बाजू चंदेरी-धुरकट, किंवा पानाच्या खाचेत पांढरा कापूस, किंवा चिकटपणा. तपासणी ७.
- पानावर पाणी भरल्यासारखा डाग, जो उद्या आजच्यापेक्षा मोठा दिसतो. किंवा मधलं नवं पान काळं पडून ओढताच हातात येतं. मधल्या तपासण्या सोडा, थेट ९ वर जा.

बाकी सगळ्यांनी १ पासून सुरुवात करावी. पहिल्या चार तपासण्यांना पैसे लागत नाहीत आणि बरीचशी झाडं तिथेच सुधारतात.

१. बिघाड आहे तरी का?

सगळ्यात खालचं एखादंच पान सावकाश पिवळं पडून गळत असेल आणि वरची ताठ असतील, तर ते पान म्हातारं झालं, इतकंच. फुलं दोन-तीन महिने टिकून मग माना टाकत असतील तर तेही ठरलेलं आहे. दांड्यावर किंवा कळीच्या देठाशी मधासारखे पारदर्शक थेंब दिसले आणि जवळपास कीड नसेल तर तो झाडाचा स्वतःचा रस असतो. ओल्या फडक्याने पुसा आणि विसरून जा.

डेंड्रोबियमच्या काही जाती थंडीत पानं टाकतात. सह्याद्रीत आढळणारं डेंड्रोबियम बार्बाट्युलम तर निष्पर्ण खोडांवरच फुलतं. अशी उघडी, पण टणक आणि न सुरकुतलेली खोडं पाहून ‘वाळलं’ म्हणून कापून टाकणारे लोक आहेत. त्या खोडांत पुढच्या फुलांचा साठा असतो.

२. कुंडीत ओलावा किती आहे

वरचे तुकडे कोरडे दिसतात त्यावर जाऊ नका. वरचा थर दोन दिवसांत वाळतो आणि तळाचा पंधरा दिवस ओला राहू शकतो. ओलावा तळाशीच पाहायला हवा, आणि त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, डोळ्यांनी. झाड पारदर्शक प्लास्टिकच्या कपात असेल तर मुळांचा रंग पाहा. ओली मुळं हिरवी दिसतात, कोरडी चंदेरी-पांढरी. मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. ते पाणी शोषलं की पारदर्शक होतं आणि आतला हिरवा भाग दिसतो. कपाच्या आत वाफेचे थेंब असतील आणि मुळं हिरवी असतील तर पाणी द्यायचं नाही, वार कुठलाही असो.

दुसरा, काडीने. खराट्याची एक हीर घ्या, कुंडीच्या मध्यभागी तळापर्यंत हलक्या हाताने खुपसा, दहा मिनिटांनी काढा. ओठाला लावली की गारवा लगेच कळतो. गार किंवा काळपट ओली लागली तर थांबा.

तिसरा, वजनाने, आणि हा सगळ्यात भरवशाचा. पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने, निथळल्यावर, कुंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि आकडा कुंडीवरच लिहा. समजा ४५० ग्रॅम भरली. पूर्ण कोरडी ती साधारण ३२० होते असं एकदा पाहिलंत, की ३६० च्या आसपास आली की पाणी द्यायचं, हे ठरून जातं. नंतर नुसती उचलून अंदाज येतो.

झाडाच्या सालीच्या तुकड्यांत लावलेल्या चार इंची कुंडीला पुण्याच्या थंडीत साधारण ७ ते १० दिवसांनी पाणी लागतं, मॉसमध्ये, म्हणजे वाळवलेल्या शेवाळात, लावलेल्या झाडाला १२ ते १५ दिवसांनी. हे आकडे ढोबळ आहेत. खोली दक्षिणेला असेल तर कमी, उत्तरेला असेल तर जास्त. ‘दर रविवारी’ हा हिशेब झाडाला कळत नाही.

आता कुंडीच्या बाहेरून एक नजर. शोभेच्या चिनी मातीच्या कुंडीला तळाला भोक नसतं. आतला कप उचलून पाहा. खाली बोटभर पाणी साचलेलं असेल तर निदान झालंच म्हणायचं. ते ओतून टाका आणि यापुढे पाणी देताना कप बाहेर काढून बेसिनमध्ये द्या, पूर्ण निथळल्यावरच परत ठेवा.

पाणी सकाळी ११ च्या आत द्या. पानांच्या बेचक्यात थेंब राहिले तर टिश्यू पेपरच्या टोकाने टिपून घ्या, कारण संध्याकाळी तिथे राहिलेलं पाणी रात्रीच्या गारठ्यात सुकत नाही आणि शेंडा कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. गच्चीवरच्या टाकीतलं पहाटेचं पाणी थंडगार असतं. ते थेट ओतल्यानेही पानांना गारठ्याचे डाग पडतात. बादली आदल्या रात्री त्याच खोलीत भरून ठेवा.

३. जागा: काच, झोत, फळं, धूर

पान खिडकीच्या काचेला टेकलेलं नको. पहाटे काचेलगतची हवा खोलीच्या मध्यापेक्षा बरीच गार असते. कुंडी काचेपासून हातभर आत घ्या. खिडकीची फट, दाराखालची फट, पंख्याचा सरळ झोत, हे सगळं कळ्यांना मारक. मात्र हवा अगदी कोंडलेलीही नको. टेबलावरचा लहान पंखा भिंतीकडे तोंड करून सर्वात कमी वेगावर ठेवला की काम होतं.

कळ्या एकदम गळत असतील तर खोलीत आणखी काय काय ठेवलंय ते बघा. मागची खोली म्हणजे घरातलं कोठार असतं. केळ्यांचा घड टांगलेला, सफरचंदांची पेटी, सीताफळांची किंवा चिकूची अढी. पिकणारी फळं इथिलिन वायू सोडतात, आणि फॅलेनॉप्सिसच्या कळ्या त्याला फार संवेदनशील असतात. बंद खोलीत तो साचतो. फळं बाहेर काढा. उदबत्ती, धूप, कॉइल यांच्या धुराचंही तसंच, अर्धवट जळणाऱ्या कुठल्याही गोष्टीतून इथिलिन येतं. देवघर त्याच खोलीत असेल तर देव हलवण्यापेक्षा ऑर्किड हलवणं सोपं. खोलीला लागूनच्या न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर त्याबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे, ते वाचाच.

कळ्या लागल्यावर कुंडी फिरवत बसू नका. कळ्या उजेडाच्या दिशेने स्वतःला वळवून घेतात; कुंडी रोज वेगळ्या बाजूने ठेवली की दांडा वेडावाकडा होतो आणि कळ्या ताणाने गळू शकतात. खिडकीकडची बाजू ओळखायला कुंडीवर पेनाने एक रेघ मारून ठेवा. नर्सरीतून कळ्यांसह आणलेलं झाड पहिल्या आठवड्यात दोन-चार कळ्या टाकतंच. तो प्रवासाचा हिशेब, त्याला औषध नाही.

४. उजेड

झाड वर्षभर त्याच जागी आहे, मग आता काय झालं, असा प्रश्न पडतो. जागा तीच असली तरी ऊन हललेलं असतं. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात सावलीत असलेल्या दक्षिणेच्या खिडकीतून थंडीत ऊन खोलवर आत येतं, आणि उत्तरेची खिडकी पार अंधारते. त्यात मच्छरजाळी आणि ग्रिल. धुळीने भरलेली जाळी बराच उजेड खाते. काही करायच्या आधी जाळी धुवा आणि काच पुसा.

मोजायला यंत्र नको. दुपारी बाराच्या सुमारास पानांच्या वर वीतभर अंतरावर हात धरा. पानावर पडलेली सावली मऊ कडांची पण ओळखू येणारी असेल तर फॅलेनॉप्सिसला उजेड ठीक. सावलीच नसेल तर कमी. कडा सुरीसारख्या असतील आणि पान हाताला गरम लागत असेल तर जास्त. पातळ पांढरा पडदा लावा. आकड्यांत सांगायचं तर फॅलेनॉप्सिसला १०,००० ते १५,००० लक्स (उजेडाचं माप), डेंड्रोबियमला त्याच्या दुपटीच्या आसपास. पानाचा रंगही बोलतो. गडद हिरवं, लांबलचक, लोंबणारं पान उजेड मागत असतं. फिकट, पोपटीकडे झुकणारं ताठ पान समाधानी असतं.

खिडकीने भागत नसेल तरच दिवे. महागड्या जांभळ्या दिव्यांची गरज नाही. चार फुटी, २० वॉटच्या, ६५०० केल्विनच्या दोन साध्या एलईडी ट्यूब पानांपासून २० ते २५ सेंटिमीटर वर, रोज १२ तास, खिडकी अगदीच अंधारी असेल तर १४. दोन ट्यूबचं महिन्याचं वीजबिल साधारण १५ युनिट. टायमर लावाच, कारण रात्री अंधारही तितकाच हवा. फॅलेनॉप्सिस आपली पर्णरंध्रं रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं आणि दिवसा तो वापरतं. रात्रभर दिवा चालू ठेवून झाड लवकर फुलेल हा गैरसमज आहे.

५. तापमान आणि आर्द्रता

इथून थोडा खर्च. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र तीनशे-चारशे रुपयांत मिळतं. किमान आणि कमाल लक्षात ठेवणारं घ्या, कारण जो आकडा हवा तो पहाटे पाचचा असतो आणि तेव्हा कोणी उठत नाही. यंत्र झाडाच्या शेजारी, पानांच्या उंचीवर ठेवा. भिंतीवर टांगलेलं यंत्र भिंतीचं तापमान सांगतं.

रात्री १६ ते १९ अंश आणि दिवसा २४ ते २९ असेल तर छान. खरं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला हलका गारवाच दांडा काढायला लावतो. ज्या घरात वर्षभर २८ च्या वरच तापमान राहतं तिथे फॅलेनॉप्सिस पानं वाढवत बसतं, फुलत नाही. म्हणून गारव्याला घाबरून खोली उबदार करायच्या मागे लागू नका. १३ च्या खाली वारंवार जात असेल तर वाढ आणि दांडा थांबतो. १० च्या खाली काही तास गेले की पानांतल्या पेशी मरतात आणि खोलगट डाग पडतात. हे डाग लगेच दिसत नाहीत, काही आठवड्यांनी उमटतात, त्यामुळे जानेवारीत पडलेल्या गारठ्याचं खापर फेब्रुवारीत बुरशीवर फुटतं आणि विनाकारण औषध मारलं जातं. डाग कोरडे असतील आणि आठवडाभरात आकार बदलला नसेल तर पानाला हात लावू नका.

पुण्यातल्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत १३ च्या खाली क्वचितच जातं. काचेपासून दूर घेतलं आणि रात्री जाड पडदा लावला की भागतं. निफाडसारख्या ठिकाणी, किंवा पत्र्याच्या छताच्या घरात, कुंडी थर्मोकोलच्या तुकड्यावर ठेवा आणि रात्रीपुरती घराच्या मधल्या खोलीत हलवा. हीटर सगळ्यात शेवटी.

आर्द्रता हा पुणे-नाशिकचा खरा हिवाळी त्रास. दुपारी ती ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखालीही येते; झाडाला ५० ते ६० बरी. अमेरिकेत, कॅनडात राहणाऱ्यांकडे घर तापवणाऱ्या यंत्रणेमुळे हवा याहूनही कोरडी होते, तिथे गरम हवेच्या जाळीपासून कुंडी लांब ठेवणं हे पहिलं काम. स्प्रे बाटलीने फवारत राहणं निरुपयोगी. पाच-दहा मिनिटांत आर्द्रता होती तिथे येते आणि बेचक्यात पाणी मात्र राहतं. खडे आणि पाणी भरलेला ट्रे थोडाच फरक करतो. ठेवायचा तर कुंडीचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. झाडं एकत्र ठेवा. कपडे वाळत घालायचं स्टँड त्या खोलीत नेलं तर ट्रेपेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो, आणि तो फुकट आहे. ह्युमिडिफायर घेतलाच तर त्यात आरओचं पाणी घाला. बोअरच्या पाण्याने सगळ्या पानांवर आणि फर्निचरवर पांढरी भुकटी बसते.

६. पाणी कसलं घालता

मुळांची टोकं तपकिरी-काळी होऊन वाढ थांबली असेल, सालीच्या तुकड्यांवर पांढरे क्षार दिसत असतील, तर पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरने पाणी मोजा. २०० पीपीएमच्या आत असेल तर निवांत राहा. ५०० च्या वर असेल तर ऑर्किडसाठी ते पाणी बाद. पुण्यात खडकवासल्याच्या धरणसाखळीतून येणारं पालिकेचं पाणी बरंच मऊ असतं, अडचण असते ती टँकर आणि बोअरच्या पाण्याची. सगळ्यात वाईट म्हणजे आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी. वाया जाऊ नये म्हणून ते बादलीत धरून झाडांना घालतात; जास्वंद ते सहन करेल, ऑर्किड करणार नाही, कारण त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात. शुद्ध आरओ पाणी आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं हे चांगलं मिश्रण. नुसत्या आरओवर कॅल्शियम, मॅग्नेशियम कमी पडतं.

खतात हात आखडता. १९:१९:१९ हे विद्राव्य खत २ लिटर पाण्यात १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही नवं पान किंवा दांडा वाढत असेल तरच. दर तिसऱ्या पाण्याला नुसतं साधं पाणी भरपूर सोडून क्षार धुऊन काढा. तांदळाचं धुवण, ताक, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं यातलं काहीही या कुंडीत नको. साल आणि मॉस सडून बारीक होते आणि चिलटं होतात.

७. कीड

कोरड्या, बंद खोलीत लाल कोळी हमखास येतो. पांढरं सुती फडकं ओलं करून पानाच्या खालून पुसा. फडक्यावर तांबूस-तपकिरी रेघा उठल्या तर तोच. पिठ्या ढेकूण पानांच्या खाचेत, दांड्याच्या गाठींवरच्या पातळ सालीखाली आणि कळीमागे लपतो. खवले कीड मधल्या शिरेलगत तपकिरी टिकल्यांसारखी बसते.

आधी झाड बाकीच्यांपासून वेगळं करा. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा बुडवून एकेक ढेकूण आणि खवला पुसून काढा, पण कळ्या, फुलं आणि मधला शेंडा टाळा. अंडी याने मरत नाहीत, म्हणून दर सात दिवसांनी, निदान चार वेळा. एकदाच करून सोडलं की महिन्याने तेच. कोळ्यासाठी पानं दोन्ही बाजूंनी धुवा आणि गरज पडली तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवरूप साबण घालून, झाड बाल्कनीत नेऊन, ऊन नसताना फवारा. बेचकं टिपून कोरडं करा. सारखा परत येणारा ढेकूण बहुधा मुळांत असतो, आणि मग पुढची तपासणी टळत नाही.

८. कुंडीतून काढून मुळं पाहणं

हे सगळ्यात शेवटी, कारण थंडीत मुळं सावकाश भरून येतात. नेहमीचं कुंडीबदल फुलं सरल्यावर, मार्चच्या सुमारास करावं. पण पानं लुळी, मिश्रण ओलं आणि झाड कुंडीत हलतंय, हे तिन्ही एकत्र असेल तर मार्चची वाट पाहायची नाही.

कुंडी १५ मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा म्हणजे चिकटलेली मुळं मऊ होऊन सुटतात. कप सगळीकडून दाबून झाड सोडवा, मुळं ओढू नका. मिश्रण झटका आणि मुळांच्या मधोमध पाहा. नर्सरीतल्या रोपांत तिथे मॉसचा किंवा कोकोपीटचा एक घट्ट बोळा बऱ्याचदा असतो. रोप लहानपणी त्यात वाढलेलं असतं. बाहेर साल कोरडी आणि आत हा बोळा पिळला तर पाणी गळेल इतका ओला, असं थंडीत होतं, आणि कूज नेमकी खोडाच्या बुडाशी सुरू होते. काडीची आणि रंगाची तपासणी फसते ती याच बोळ्यामुळे. चिमट्याने तो पूर्ण काढून टाका.

मग एकेक मूळ दोन बोटांत दाबा. टणक असेल तर जिवंत, रंग कसाही असो. सालीच्या संपर्काने तपकिरी झालेली टणक मुळं चांगली असतात. पिचकलं, पाणी सुटलं, किंवा वरची साल सरकून आत नुसता दोरा उरला, तर मेलेलं. कात्रीची पाती गॅसच्या ज्योतीवर तापवून, गार होऊ देऊन, मेलेला भाग निरोगी मुळापर्यंत कापा. दालचिनीची पूड फक्त कापलेल्या तोंडांवर, बोटाच्या टोकाने लावा. सगळ्या मुळांवर भुरभुरली तर ती चांगली मुळंही सुकवते. झाड सावलीत एक रात्र उघडं ठेवा.

नवं मिश्रण: दीड-दोन सेंटिमीटरचे पाइनच्या सालीचे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे ३ भाग, लोणारी कोळसा १ भाग. पुणे-नाशिकच्या कोरड्या हवेत वर मूठभर मॉस मिसळायला हरकत नाही. सोडणाचे तुकडे २४ तास भिजवा आणि तेवढ्यात तीनदा पाणी बदला, त्यात बरेच क्षार असतात. कुंडी मुळांच्या मापाची, पानांच्या नाही. मुळं अर्धी झाली तर कुंडीही लहान हवी, नाहीतर पुन्हा तोच ओला गाभा. झाड हलू नये म्हणून काडीचा आधार बांधा. हलणाऱ्या झाडाची नवी मुळांची टोकं घासून मरतात. पहिलं पाणी तीन-चार दिवसांनी. खत नवं मूळ दिसेपर्यंत बंद.

दोन-तीनच जिवंत मुळं उरली असतील तर फुलदांडा कापा, कितीही कळ्या असल्या तरी. मग भिजवून घट्ट पिळलेल्या मॉसवर झाड टेकवा, पारदर्शक पिशवीत सैल तोंडाने ठेवा, ऊन न लागणाऱ्या उजेडात, २२ ते २८ अंशांत. दोन दिवसांतून एकदा पिशवी उघडून हवा द्या. नवं मूळ यायला दोन-तीन महिने लागू शकतात. सुरकुतलेली जुनी पानं पूर्ववत होत नाहीत. सुधारणा पाहायची ती नव्या मुळात आणि नव्या पानात.

९. पसरणारी कूज

पाणी भरल्यासारखा, वास येणारा डाग ही बहुधा जीवाणूजन्य मऊ कूज. ती एका दिवसात पानभर जाते. डागाच्या पुढे २ सेंटिमीटर निरोगी भागासह पान कापा, प्रत्येक कापानंतर पातं पुन्हा तापवा, कापलेली कड कोरडी ठेवा, झाड दुसऱ्या खोलीत न्या. आठवडाभर पानांवर पाणी नको. तांबं असलेली बुरशीनाशकं डेंड्रोबियमला सोसत नाहीत, तिथे वापरू नका.

शेंडा काळा पडून मधलं पान निघून आलं तर त्या खोडाची वाढ संपली. फॅलेनॉप्सिस एकाच टोकाने वाढतं. मुळं चांगली असतील तर बुडाशी नवं पिल्लू फुटू शकतं, म्हणून सडलेला भाग काढून, कोरडं ठेवून, दोन-तीन महिने थांबायला हरकत नाही. खोडच आतून तपकिरी दिसत असेल तर मात्र थांबू नका, मिश्रणासकट कचऱ्यात टाका. ते मिश्रण दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

गॅस गिझर न्हाणीघराच्या आत असेल, ज्योत निळीऐवजी पिवळी असेल, किंवा कळ्या गळतात त्याच खोलीत माणसांनाही डोकं जड होत असेल, तर झाडाचा विचार बाजूला ठेवा. गिझर बंद करा, खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा, आणि तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय तो पेटवू नका. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो आणि तो माणूस मारतो. याच कारणासाठी खोली उबदार करायला कोळशाची शेगडी कधीही आत ठेवायची नाही.

२००० वॉटचा हीटर जवळपास ९ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या प्लगवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नका. १६ अँपिअरचा सॉकेट त्या खोलीत नसेल, किंवा प्लग हाताला गरम लागत असेल, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. ह्युमिडिफायर, दिवे आणि पाणी एकाच टेबलावर असतील तर त्या लाइनला आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) आहे का, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

भिंतीला ओल येऊन काळी बुरशी धरत असेल तर ते प्लंबरचं काम आहे. अशा खोलीत झाडाला कितीही औषध मारलं तरी कूज फिरून येते.

कूज दोन वेळा कापूनही तिसऱ्यांदा आली, किंवा एकाच खोलीतल्या अनेक झाडांवर एकदम दिसली, तर घरगुती उपाय थांबवा. रोगट पान कोरड्या कागदात गुंडाळून, मुळांचे आणि संपूर्ण झाडाचे फोटो घेऊन, जवळच्या कृषी महाविद्यालयातल्या वनस्पती रोगशास्त्र विभागात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. बुरशी की जीवाणू हे कळल्याशिवाय बुरशीनाशक घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

नव्या पानांवर आणि फुलांवर फिक्या-गडद रंगाचे तुटक पट्टे किंवा वर्तुळं दिसत असतील आणि कीड सापडत नसेल, तर विषाणूची शंका घ्या. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू ऑर्किडमध्ये जगभर आढळतात आणि न तापवलेल्या कात्रीने एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. त्यावर औषध नाही. ऑर्किडवर काम करणारं राष्ट्रीय संशोधन केंद्र सिक्कीममधल्या पाक्योंगला आहे, पण पाचशे रुपयांच्या एका कुंडीसाठी प्रयोगशाळेची चाचणी परवडत नाही. संग्रह मोठा असेल, दुर्मीळ झाडं असतील, तर चाचणी करून घ्या. एकच कुंडी असेल तर ती पिशवीत बांधून टाकून द्या, कात्री तापवा आणि हात साबणाने धुऊन मगच उरलेल्या झाडांकडे वळा.